ख्रिसमस कॅक्टसची कटिंग्ज कुजतायत, सुकतायत, नाहीतर नुसतीच उभी आहेत? आधी हे बघा

डिसेंबरात नर्सरीत फुलांनी लगडलेले ख्रिसमस कॅक्टस येतात, लोक हौसेने घेतात, जानेवारीत फुलं झडली की कुणीतरी सांगतं अगं याचं नुसतं पान खोचलं तरी नवीन झाड येतं, मग चार पानं कुंडीत खोचली जातात आणि पंधरा-वीस दिवसांनी तेच ते प्रश्न सुरू. खालून तपकिरी होऊन मऊ पडलं. नाहीतर पातळ होऊन सुरकुतलं आणि मान टाकली. नाहीतर हिरवंगार आहे, मेलेलं नाही, पण दोन महिने झाले जागचं हलत नाहीये. दरवर्षी हेच तीन, आणि ज्याचं एकदा गेलं त्याचं पुढच्या वर्षी परत तसंच जातं, कारण मध्ये काही बदललेलंच नसतं.

सगळ्यात आधी हातातली झारी खाली ठेवा. कटिंगला अजून मुळं नाहीयेत. मुळं नाहीत म्हणजे मातीत कितीही पाणी ओतलं तरी त्याला ते पिता येत नाही, ते पाणी फक्त तोडलेलं टोक भिजवत बसतं. हे सुरुवातीचे तीन-चार आठवडे कटिंग स्वतःच्या अंगातल्या साठ्यावर जगतं, आणि तो साठा किती दिवस पुरणार हे आजूबाजूची हवा किती कोरडी आहे त्यावर ठरतं. म्हणजे पाहिजे काय, तर माती जेमतेम ओलसर आणि हवा दमट. आपण करतो नेमकं उलटं, खाली चिखल आणि वर कडक ऊन नाहीतर फुल स्पीडवर फॅन. मग ते वरून सुकतं, आपल्याला वाटतं तहान लागलीय, आपण अजून पाणी घालतो, आणि खालून कुजतं. बहुतेक घरांत कटिंग असंच जातं.

नावात कॅक्टस असलं तरी हे वाळवंटातलं झाड नाही. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या मागे सेरा दोस ऑर्गाओस म्हणून डोंगररांग आहे, त्या बाजूच्या दमट धुकट जंगलात हे झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत वाढतं. थोडं शेवाळ आणि कुजलेला पाला एवढीच त्याची माती. पाऊस पडतो, मुळं भिजतात, पाणी निघून जातं आणि लगेच वारा लागतो. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर आमरी वाढते ना, तोच प्रकार.

आपल्याकडे घोळ व्हायला अजून एक कारण म्हणजे ब्रह्मकमळ. घरोघरी कुंडीत असतं ते, रात्री फुलणारं, हिमालयातलं नव्हे. तेही चपट्या खोडाचं, झाडांवर वाढणारं कॅक्टसच आहे आणि इतकं चिवट की पान तोडून कसंही खोचा, पावसात ठेवा, विसरून जा, तरी येतं. ज्यांनी ब्रह्मकमळ लावलंय ते तीच ट्रीटमेंट याला देतात. याची पेरं लहान, पातळ, साठा कमी, त्यामुळे हे तेवढं सहन करत नाही. (पेरं म्हणतेय ती आपण ज्याला पानं म्हणतो तीच. याला खरी पानं नसतात, ते हिरवं चपटं सगळं खोड आहे, आणि नवीन मुळं फुटतात ती जास्त करून दोन पेरांच्या सांध्यातून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

आता तुमचं नक्की काय बिघडलंय ते ओळखायचं. कटिंग वरून बघून कळत नाही, कारण कुजलेलं आणि तहानलेलं दोन्ही वरून सारखंच दिसतं, लिबलिबीत आणि मान टाकलेलं. बोटाने हलकेच हलवून बघा. खाली अडतंय असं वाटलं तर मुळं फुटलीयत, उपटू नका. अलगद वर आलं तर येऊ दे, खालचं टोक बघा. कडक आणि सुकलेलं असेल, पापुद्रा धरलेला, तर ठीक चाललंय. दाबल्यावर साल सरकली, आतून पाणी आलं, वास आला, तर कुजलंय.

खालून कुजतंय

हे सगळ्यात कॉमन. सुरुवात अशी होते की मातीच्या रेषेशी हिरवा रंग जरा काचेसारखा पारदर्शक होतो, मग मेंदी रंगाचा, मग तपकिरी, आणि एक दिवस वरचं निरोगी पेर सांध्यातून गळून पडतं. गळून पडलेलं ते पेर फेकू नका, वाचायचा चान्स त्यालाच आहे.

असं झालं की सगळं उपटा. खालची मऊ पेरं एकेक करून सांध्यातून पिळून काढत वर जा. प्रत्येक वेळी तुटलेल्या जागी मधोमध बघा, पेराच्या मधली जी जाडसर शीर असते तिचा ठिपका दिसतो. तो तपकिरी असेल तर कूज अजून वर गेलेली आहे, अजून एक पेर काढा. पांढरट-हिरवा स्वच्छ ठिपका दिसला की थांबा. बाहेरून निरोगी दिसणारं पेर आतून तपकिरी असतं आणि ते तसंच परत लावलं की दहा दिवसांत पुन्हा तेच, मग लोक म्हणतात आमच्याकडे हे झाड लागतच नाही.

मातीच्या रेषेशी कोरडा, खोल गेलेला, लालसर तपकिरी डाग असेल आणि त्यावर केशरी पूड दिसत असेल तर ती फ्युजॅरियम बुरशी असू शकते. त्यात वाचवायच्या भानगडीत पडू नका, झाड आणि माती दोन्ही टाका, कंपोस्टच्या ड्रममध्येही नको, आणि कुंडी साबणाने घासून उन्हात वाळवल्याशिवाय परत वापरू नका. बुरशीनाशकाची पावडर घरात असते बऱ्याच जणांच्या, तिने पुढचा प्रसार थोडा रोखता येतो पण कुजलेलं परत हिरवं होत नाही, त्यामुळे आधी ती शिंपडून मग वाट बघणं हा वेळेचा अपव्यय आहे.

कुजण्याचं मूळ बहुतेक वेळा जखम सुकू न देण्यात असतं. तोडलं आणि लगेच खोचलं. तोडलेलं कटिंग सावलीत, कागदावर आडवं ठेवून द्यायचं, तुटलेल्या जागी पापुद्रा धरेपर्यंत. पुण्या-नाशकात फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत दोन दिवस बास होतात. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात पाच-सहा दिवसही लागतात, तिथे खोलीत मंद फॅन लावा. या काळात ते जरा मऊ पडेल, पडू दे. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल्या कपड्यात गुंडाळू नका. आणि त्या जखमेवर कोरफडीचा गर, मध वगैरे लावायचं जे खूळ आहे ते याच्याबाबतीत तरी सोडा, कष्टाने सुकवलेली जागा परत ओली चिकट करायची हे कुठलं लॉजिक. हळद किंवा दालचिनीची पूड चिमूटभर लावली तर बिघडत नाही. रूटिंग पावडरची गरज नाही, हे झाड तिच्याशिवाय मजेत मुळं धरतं.

तोडताना सुरी-कात्री नको. सांध्याच्या खाली एका हाताची दोन बोटं, वर दुसऱ्या हाताची, आणि पाव फेरा पिळायचं, टक्कन सुटतं. ओढून तोडलं की साल फाटते आणि फाटलेली साल सुकत नाही. तीन पेरांचं कटिंग सगळ्यात चांगलं, दोन चालतात, एकच पेरही येतं पण फार वेळ लावतं. पाचच्या वर गेलात तर ते उभं राहत नाही, डुलतं, आणि डुललं की नवीन फुटणारी मुळं तुटतात. वर दोन फाटे फुटलेलं वाय आकाराचं कटिंग मिळालं तर उत्तम, झाड पहिल्यापासून भरगच्च दिसतं. आणि पावसाळ्यात जुन्या झाडाच्या सांध्यांना पांढरट-गुलाबी दोऱ्यासारखी हवेतली मुळं फुटतात, बघितली असतील, तसलं पेर मिळालं तर डोळे झाकून तेच घ्या, अर्धं काम झालेलं असतं.

एकटं पेर लावताना उलटं लावलं जाण्याचा प्रकार खूप होतो आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. पेराच्या कडांना जे दात असतात ते झाडाच्या शेंड्याकडे तोंड करून असतात. खालचं टोक निमुळतं, वरचं टोक छाटल्यासारखं सपाट आणि त्याच्या दोन बाजूंना दोन शिंगं. निमुळतं खाली, शिंगं वर. उलटं लावलेलं पेर महिना-महिना हिरवं राहतं आणि आपण बसतो वाट बघत.

माती, कुंडी आणि ते पाणी

काळी माती नको म्हणजे नकोच. ओली असताना घट्ट, सुकली की दगड, आणि ज्याला आयुष्यभर फांदीवर बसायची सवय आहे त्याला त्यात गाडायचं. नर्सरीवाले लाल माती-शेणखत भरून देतात, तेही कटिंगसाठी जड आहे. साधं मिक्स म्हणजे अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धं परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र खडे). परलाइट मिळत नसेल तर जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे चाळून घ्या, सोबत मूठभर लाकडी कोळशाचा चुरा. शेणखत, गांडूळखत काही घालायचं नाही आत्ता. मुळंच नाहीत, खाणार कशाने.

कोकोपीटची वीट थेट पाण्यात फुगवून वापरू नका, दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि गाळणीत पिळा. स्वस्त विटांमध्ये मीठ बरंच असतं आणि कोवळी मुळं त्याने जळतात. ओलावा किती हे मुठीत दाबून बघायचं, गोळा झाला पण थेंब पडला नाही तर बरोबर, पाणी टपकलं तर पसरून ठेवा थोडा वेळ.

कुंडी छोटी. अगदी छोटी. तीन इंची, नाहीतर तळाला भोकं पाडलेला कागदी चहाचा कप, दह्याचा डबा. आठ इंची कुंडीत एक कटिंग म्हणजे सगळीकडे ओली माती आणि ती ओल शोषणारं कुणी नाही. चार इंची कुंडीत तीन-चार कटिंग्ज कडेकडेने लावा. सगळ्यात खालचं पेर अर्धं आत, त्यापेक्षा खोल नाही, आणि पडत असेल तर टूथपिकचा आधार द्या, आधारासाठी खोल गाडू नका.

पाणी कधी घालायचं हे वरून कळत नाही कारण कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि खाली ओलं असतं. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओली, चिकटलेले कण, म्हणजे थांबा. कोरडी निघाली तर कडेने दोन चमचे पाणी. हो, चमचेच. मुळं धरेपर्यंत झारी लागतच नाही.

आणि आरओ फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो आपण, ते या झाडाला अजिबात नको. लादी पुसायला ठीक आहे, पण फिल्टरने जे क्षार काढून टाकले ते सगळे त्या पाण्यात जास्त दाट होऊन बसलेले असतात. बोअरचं पाणी जड असेल तरी हाच त्रास, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो ना, तोच. पावसाचं पाणी भरून ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. तांदूळ धुतलेलं पाणी, ताक, कांद्याच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, हे सगळं नंतर कधी मोठ्या झाडाला काय घालायचं ते घाला, कटिंगच्या कपात घातलं की बुरशी धरते आणि बारीक काळ्या माश्या येतात. त्या माश्या दिसायला निरुपद्रवी असतात पण त्यांच्या अळ्या मातीत नुकतीच फुटलेली मुळं खातात. वरचा थर कोरडा राहिला की त्या आपोआप कमी होतात.

सुरकुतलंय, पण खालून कडक आहे

हे कुजलेलं नाही, हे वाळतंय, आणि याला माती भिजवून उपयोग नाही. हवेचं बघा. कुंडी फॅनच्या झोतात आहे का, एसीच्या समोर आहे का, पश्चिमेच्या ग्रिलमध्ये दुपारचं ऊन घेतेय का. पारदर्शक बाटली मधून कापून वरचा भाग टोपण काढून कुंडीवर उपडा ठेवा, झालं छोटं ग्रीनहाऊस. टोपण काढलेलंच पाहिजे, नाहीतर आत पाणी साचून थेंब पेरांवर पडत राहतात. बाटली ठेवल्यावर कुंडीवर थेट ऊन नको, आत उकडून निघतं.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये बाटलीशिवाय निभाव लागणं कठीण आहे. नागपूरकरांकडे एक गोष्ट चांगली असते, कूलर. कूलर चालू असलेल्या खोलीतली हवा दमट राहते, कुंडी झोताच्या बाहेर कोपऱ्यात ठेवली की काम होतं. मुंबईत जूननंतर बाटली अजिबात ठेवू नका, हवेतच एवढी ओल आहे की वरून झाकलं तर बुरशीच होणार.

सुरकुत्या आहेत, सोबत पेरांच्या टोकाला बारीक गुलाबी ठिपका किंवा कोवळं फुटवं दिसतंय, तर निर्धास्त राहा, मुळं धरलीयत आणि आठवड्याभरात पेरं परत टम्म होतात.

महिना दीड महिना झाला, खालून कडक आहे, मुळं शून्य, आणि पातळ होत चाललंय, अशा वेळी मी ते काढून सगळ्यात खालचं अर्धवट सुकलेलं पेर पिळून टाकते, नवीन ताजा सांधा मोकळा करते, पुन्हा दोन दिवस सुकवते आणि परत लावते. जुनी जखम कधी कधी इतकी कडक होते की तिथून फुटतच नाही.

लाल-जांभळी झालेली पेरं म्हणजे बहुतेक ऊन जास्त. पूर्वेच्या गॅलरीत नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन चालतं, पुढचं नाही. कडाक्याच्या थंडीतही असा रंग येतो, ती गोष्ट वेगळी, तो नंतर जातो.

पाण्यात मुळं काढायची असतील तर

येतात, नक्की येतात, आणि काचेच्या ग्लासात ती मुळं बघायला छानही वाटतं. घोळ पुढे होतो. पाण्यात फुटलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीत हलवल्यावर अर्धी तुटतात, उरलेली मातीशी जुळवून घेईपर्यंत झाड मान टाकतं आणि आपल्याला वाटतं मेलं. करायचंच असेल तर ग्लासाच्या तोंडावर फॉइल लावा, भोकातून कटिंग सोडा, खालच्या पेराचं फक्त टोक पाण्याला टेकेल एवढंच. पेर बुडालं की कुजलं. पाणी दोन दिवसांनी बदला. हे न बदलणाऱ्यांनी निदान डेंग्यूच्या डासांचा विचार करावा, त्यांना अंडी घालायला असलं स्वच्छ साचलेलं पाणीच लागतं आणि आठवड्याभरात डास तयार होतो. मुळं एक-दीड सेंटिमीटर झाली की लगेच मिक्समध्ये हलवा, लांब जटा होईपर्यंत थांबू नका. हलवल्यावर पहिला आठवडा मिक्स नेहमीपेक्षा थोडं जास्त ओलसर ठेवा, इथे मात्र चमच्याचा नियम लागू नाही, कारण आता पिणारी मुळं आहेत.

मुळं आहेत, झाड हिरवं आहे, पण वाढत नाही

बहुतेक वेळा महिना चुकलेला असतो. हे झाड रात्री किती लांब आहेत ते मोजतं. ऑक्टोबरपासून रात्र मोठी झाली की ते नवीन पेरं काढणं थांबवून कळ्यांच्या तयारीला लागतं, मग दिवाळीत लावलेलं कटिंग मुळं धरतं आणि पुढे फेब्रुवारीपर्यंत ढिम्म. कधी कधी त्या एवढ्याशा तीन पेरांना कळी येते. जीव तुटेल पण खुडा ती कळी. सगळी ताकद फुलात गेली की मुळांना काही उरत नाही आणि फूल गळल्यावर कटिंगही जातं.

आपल्याकडे लावायचा उत्तम काळ म्हणजे फुलं संपल्यावर, फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. कटिंग उन्हाळ्याआधी मुळं धरतं, कडक उन्हाळ्यात मुकाट बसतं (पारा ३५ च्या वर गेला की हे झाड वाढायचं सोडून देतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही) आणि पहिला पाऊस पडला की एकदम पेरांमागून पेरं काढतं. दुसरा काळ जुलै-ऑगस्ट, पण छपराखाली, पाऊस थेट अंगावर नको. त्या दिवसांत मुळं पटकन येतात पण कुजण्याचा धोकाही तेवढाच. आणि गोगलगाई सांभाळा. नवीन कोवळं पेर सकाळी अर्धं कुरतडलेलं दिसलं आणि आजूबाजूला चंदेरी चकाकता माग असला की गोगलगायच, रात्री टॉर्च घेऊन उचलायची, दुसरा साधा उपाय नाही.

नवीन पेरं फुटायला लागली की मग खत. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) घरात असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, माती आधी ओली करून. पाकिटावर लिहिलेला डोस मोठ्या झाडांचा असतो.

वाढ होत नाही आणि सांध्यांत पांढरा कापूस दिसतोय, तर तो पिठ्या ढेकूण. ही कीड दुकानातून आणलेल्या मूळ झाडावरूनच येते, म्हणून कटिंग घेतानाच सांधे डोळ्याजवळ धरून बघायचे. कानातल्या कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक टिपून काढा, नंतर आठवड्याने परत, कारण अंडी राहतात. नीम तेल लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्याचा साबण, संध्याकाळी फवारायचं, उन्हात फवारलं तर पेरं भाजतात.

तुमचं झाड नक्की कुठलं

नर्सरीत ख्रिसमस कॅक्टस म्हणून जे विकतात ते जवळजवळ नेहमी श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा असतं, दात टोकदार, फुलं नोव्हेंबरपासूनच. अमेरिकेत याला थँक्सगिव्हिंग कॅक्टस म्हणतात. खरं जुनं ख्रिसमस कॅक्टस म्हणजे बकलीई, १९व्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम बकली याने ट्रंकाटा आणि रसेलियाना या दोन जातींचा संकर करून काढलेलं, त्याच्या पेरांच्या कडा गोलसर लाटांच्या असतात आणि ते जरा उशिरा फुलतं. दोघांची कटिंग्ज लावायची पद्धत एकच, त्यामुळे ओळखता नाही आलं तरी काही अडत नाही. अडतं ते तिसऱ्याशी, ईस्टर कॅक्टस. त्याच्या पेरांच्या टोकाला बारीक केस असतात, फूल चांदणीसारखं सरळ उघडतं आणि ते येतं मार्च-एप्रिलात, म्हणजे कटिंग घ्यायची वेळ नेमकी आपल्या भर उन्हाळ्यात येते. याची मुळं तिन्हीत सगळ्यात नाजूक. पाऊस सुरू होईपर्यंत थांबा, घाई नको.

न्यू जर्सी, शिकागो, लंडनकडच्या मंडळींना महिने बदलून घ्यायला लागतील, तिकडे मे-जून सगळ्यात सोपा काळ. हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की कटिंग सुरकुततंच, आणि खिडकीच्या काचेला चिकटून ठेवलेली कुंडी रात्री गारठते. झाड काचेपासून हातभर आत घ्या.

आणि पहिली फुलं कधी हे सगळेच विचारतात. फेब्रुवारीत लावलेल्याला त्याच वर्षी एखाद-दुसरं येतं, भरपूर पुढच्या वर्षी. कळ्या धरायला त्याला सप्टेंबरअखेरपासून साधारण सहा आठवडे, रोज बारा-तेरा तास पूर्ण अंधार पाहिजे आणि रात्री गार पाहिजेत. ऑक्टोबर हीटमुळे मुंबईत ते उशिरा कळ्या धरतं, पुण्यात-बंगलोरात लवकर, महाबळेश्वर-पाचगणीला तर काही करावंच लागत नाही. अंधाराचं मात्र शहरात सगळीकडेच अवघड. गॅलरीची ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू, समोर रस्त्याचा दिवा, आणि नेमकं याच दिवसांत आपण आकाशकंदील आणि लाइटच्या माळा लावतो, त्याही रात्रभर. झाडाला रात्र झालीय हेच कळत नाही. दिवाळीपुरती कुंडी दिवे न लागणाऱ्या खोलीच्या खिडकीत ठेवा, नाहीतर संध्याकाळी सातला वरून खोका उपडा घालून सकाळी आठला काढा, आणि हे रोज, मधले दिवस सोडून नाही. कळ्या मोहरीएवढ्या दिसल्या की खोका बंद, पण कुंडी तिथेच राहू दे, ती पाहुण्यांना दाखवायला हॉलमध्ये आणली की उजेडाची दिशा आणि हवा बदलते आणि दोन दिवसांत कळ्या टपाटप खाली.